जमिनीखालचं अस्तर

“हे तर मखराचं थर्माकोल!” बाबा म्हणाले आणि काठीच्या टोकानं त्यांनी त्या बोर्डाला टोचून पाहिलं. “आंतोन, घर बांधतोयस का गणपती बसवतोयस?”

“मखराचा न्हय, आजोबानू. ह्या वेगळा.” आंतोननं खांद्यावरचे दोन बोर्ड भिंतीला टेकवले. चार इंच जाड, दोन्ही अंगांना चंदेरी कागद, मधे पिवळसर फेस गोठवून ठेवावा तसं काहीतरी. “ह्याच्यार हत्ती आणून नाचवा. दबाचा नाय.”

“आणि ह्याच्यावर?”

“ह्याच्यार नळ्यो. नळ्यांवर काँक्रीट. नळ्यांतसून गरम पाणी फिरतला. मगे अख्खी जमीन गरम.”

“म्हणजे पाया कशावर? फेसावर!” बाबा माझ्याकडे वळले. “ऋजुता, उभ्या नोकरीत मी मुरूम दाबून घेतला, खडी दाबून घेतली. फेस दाबून घ्यायची वेळ आली नव्हती कधी.”

मी हसले, पण माझा एक कान कमरेला लावलेल्या बेबी मॉनिटरकडे होता. वरच्या खोलीत माझी तान्ही सानू झोपली होती आणि झोपेत तिचा श्वास कसा चाललाय, हे ऐकत राहायची मला खोडच लागली होती. साधा श्वास असला की समुद्राच्या लाटेसारखा येतो नि जातो. छाती भरलेली असली की त्यात एक बारीक शिटी असते. शिटी नव्हती.

ही अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधली गोष्ट. इंग्लंडात स्विंडनला आम्ही जुनं घर घेतलं, त्याच वर्षाच्या शेवटी सानू झाली. घर बाहेरून देखणं, मागे सफरचंदाचं झाड. पण मागची मोठी खोली आणि स्वयंपाकघर यांची जमीन म्हणजे मातीवर थेट ओतलेलं काँक्रीट. वर गालिचा. गालिच्याचा कोपरा उचलला तर खालून ओल नि कुबट वास. पहिल्या हिवाळ्यात सानूला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी तिच्या नाकाला नळी लावलेली, मुठी आवळलेल्या, आणि माझा नवरा श्रीरंग नि मी काचेच्या पलीकडे उभे. त्यानंतर मी घरात दोन थर्मामीटर टांगले. एक माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक जमिनीपासून वीतभर. वरचा एकोणीस दाखवायचा तेव्हा खालचा बारा. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, कराडच्या कॉलेजात दोन वर्षं अकरावीला शिकवलेलं. उष्णतेचं वहन फळ्यावर किती वेळा काढलं असेल! पण मोठी माणसं एकोणीसमध्ये राहतात आणि मूल बारामध्ये राहतं, हे मला आई झाल्यावर कळलं. आता तर ती बसायला लागली होती, चार दिवसांत रांगायला लागणार होती. येता हिवाळा तिला त्या जमिनीवर काढायला लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आंतोन लोबो मूळचा सावंतवाडीचा. बाप गवंडी, हाही गवंडी. बायको गोव्याची, तिच्या पोर्तुगीज पासपोर्टवर दोघं इकडे आलेले. जमीन फोडायची, हातभर खोल खणायची, खडी, वाळू, त्यावर जाड प्लॅस्टिक, मग हे बोर्ड, मग नळ्या आणि शेवटी काँक्रीट, असं सगळं त्यानं मला कागदावर काढून दाखवलं होतं. आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, जूनमध्ये मिरजेहून आले होते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. ओव्हरसियर म्हणून पाटबंधारे खात्यात लागलेले, अख्खी हयात कालव्यांवर काढलेली. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कामावर ‘देखरेखी’ला हजर. आंतोनकडे लेसरची लेव्हल होती. बाबांनी पारदर्शक नळीत पाणी भरून स्वतःची पाणपातळी केली आणि लेसर बरोबर दाखवतोय का ते तपासलं.

“पास?” आंतोननं विचारलं.

“पास. पण मशीनवर विसंबू नये.”

त्या बोर्डांचं मात्र त्यांच्या गळी उतरेना. “गरम हवा वर जाते की. मग खालून एवढी गादी कशाला?”

“हवा वर जाते बाबा, उष्णता कुठंही जाते,” मी म्हटलं. “जिकडे गार, तिकडे. खाली माती गार. नळ्यांमधली अर्धी ऊब मातीच पिऊन टाकेल.”

बाबा थांबले. काठी बगलेत धरली. “पिऊन टाकेल,” ते म्हणाले. “मुरेल म्हण की! मातीचा कालवा असतो, त्यात धरणातून शंभर सोडलं तर शेवटच्या शेताला साठ पोचतं. बाकीचं मुरतं. म्हणून अस्तर करायचं. म्हणजे हे अस्तर आहे!” त्यांनी बोर्डाला आता काठी नाही, तळहात लावला. “अरे आंतोन, मग आधी सांगायचंस की. अस्तर म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सांधे कसे बंद करणार?”

“फॉईलची टेप, आजोबानू.”

“दाखव.”

त्या दिवसापासून बाबा सांध्यांच्या मागे लागले. आंतोन एक टेप लावी, बाबा तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. सुरकुती दिसली की काढून पुन्हा लावायला लावत. आंतोन मला हळूच म्हणाला, “वयनी, तुमच्या सासऱ्यांका परत मिरजेक कधी धाडतास?” पण दुपारी दोघं एकाच डब्यातलं खात.

बोर्ड बसत आले त्या संध्याकाळी कराडहून माझ्या आईचा फोन आला.

“जमीन उघडी आहे ना अजून?”

“हो. का?”

“मग आत्ताच. नंतर संधी नाही. तो मेतकुटाचा डबा फोडलास का?”

मी तो डबा फोडला नव्हता. जूनमध्ये बाबांच्या बॅगेतून तिनं आमच्यासाठी जे काही पाठवलं होतं, त्यात तो पत्र्याचा डबा होता. मेतकुटाच्या मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तांब्याची डबी, आणि डबीत वास्तुपुरुष. बोटाएवढी प्रतिमा, सोबत पंचरत्नांची पुडी.

“आई, बाबांच्या बॅगेतून? त्यांना कळलं असतं तर?”

“कळलं नाही ना? झालं तर. आग्नेय कोपऱ्यात पुरायचा. पालथा. आणि मातीला लागला पाहिजे हं, मधे काही नको.”

“इथं कोण भटजी आणि...”

“भटजी नसले तर नसू देत. तू मनोभावे ठेव. तुम्ही वास्तुशांत केली नाहीत, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. अगं, वास्तुपुरुष घरात बसल्या बसल्या तथास्तु म्हणत असतो. म्हणून आपण घरात वाईट शब्द काढत नाही. तू काढला नाहीस ना गं कधी काही?”

“नाही,” मी म्हटलं.

आमच्याकडे वास्तुशांत झाली नव्हती, कारण श्रीरंगला त्यात रस नव्हता आणि बाबांना तर रागच होता. मिरजेला घर बांधलं तेव्हा त्यांनी भटजींऐवजी गवंडी नि बिगारी जेवायला बसवले होते आणि स्वतः वाढलं होतं. ते हे अभिमानानं सांगत. मीही ऐकून मान डोलवत असे. मी स्वतः काय मानत होते? काहीच नाही. एरवी त्या डबीला मी हात लावला नसता. पण माझ्यापाशी एक कारण होतं आणि ते मी श्रीरंगलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा बोर्ड बसला. सगळी खोली चंदेरी झाली, जत्रेतल्या आरशांच्या तंबूसारखी. आंतोन नळ्यांची गुंडाळी आणायला गेला; त्या उद्या सकाळी बसायच्या होत्या. श्रीरंग ऑफिसात. चार वाजता बाबा सानूला बाबागाडीत घालून बागेत घेऊन निघाले.

“तासाभरात येतो. तू जरा पड.”

दार लागलं. मी मोबाईलवरचं होकायंत्र काढलं. आग्नेय कोपरा म्हणजे बागेच्या दाराच्या डाव्या अंगाचा, नेमका तिथंच सानूचं खेळायचं अंथरूण टाकायचं मी ठरवलं होतं. पाव कापायची करवती सुरी घेतली आणि गुडघ्यांवर बसले.

बोर्ड लोण्यासारखा कापला गेला. वीतभर लांब, वीतभर रुंद चौकोन. पिवळी पूड उडून हातभर पसरली. तुकडा उचलला. खाली निळं जाड प्लॅस्टिक. इथं माझा हात थांबला. प्लॅस्टिक कशासाठी आहे, हे मला माहीत होतं. मातीतली ओल वर येऊ नये म्हणून. पण आईचे शब्द होते, मातीला लागला पाहिजे, मधे काही नको. मी सुरीचं टोक घातलं आणि अधिकच्या चिन्हासारखी चीर दिली. वाळू बोटांनी उकरली. गार, ओलसर. डबी उघडून प्रतिमा वाळूवर पालथी ठेवली, वरून उघडी डबी उपडी झाकली, वाळू लोटली. मंत्र येत नव्हता. “माझ्या सानूला नीट ठेव,” एवढंच म्हटलं. “आणि ते विसर.”

प्लॅस्टिकची चार टोकं एकमेकांवर दुमडली, तुकडा बसवला. तो केसभर वर राहिला. दाबला तरी बसेना. आंतोनची टेप घेऊन चारी बाजूंना लावली. घाईत ती चुरगळली. तेवढ्यात बाहेरच्या खडीवर बाबागाडीची चाकं वाजली.

मी धावत स्वयंपाकघराच्या दारात आले. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काळ्या पॅंटवर गुडघ्यापर्यंत पिवळी पूड.

“काय गं, बेसन सांडलं का?”

“हो. पिठलं करत होते.”

“वा! कर कर. बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही.”

त्यामुळे मला पिठलं करावं लागलं. वरच्या मजल्यावर, कपड्यांच्या कपाटाशेजारी मांडलेल्या एका शेगडीवर. जेवताना बाबा खुशीत होते. श्रीरंगला कालव्याची गोष्ट सांगत होते.

“सत्त्याऐंशी साल. नवीन अस्तर, घोटून गुळगुळीत केलेलं. पाणी सोडलं तर खालच्या गावाला पोचेना. आम्ही पायी निघालो. बारा किलोमीटर. कुठं सापडलं माहितीये? एका सांध्यात खेकड्यानं बीळ केलेलं. एवढंसं! तिथून पाणी पाठीमागं शिरलं आणि आठ दिवसांत बैलगाडी जाईल एवढं भगदाड. मोठ्या कामाला बारीक भोकच मारतं, श्रीरंग. आणखी वाढ गं पिठलं.”

मी डावभर पिठलं त्यांच्या पानात वाढलं. अस्तर, भोक, ओल. जी ऊब माझ्या मुलीसाठी मी मागून घेतली होती, तिलाच मी आज हातानं भोक पाडलं होतं. तेही नेमकं ती बसणार त्या जागी. काँक्रीट त्या फटीत उतरणार होतं, थेट वाळूला भिडणार होतं आणि खालचा गारठा नि ओल पिढ्यान् पिढ्या वर आणत राहणार होतं. अकरावीच्या मुलाला कळेल अशी ती चूक होती.

रात्रभर ठरवत होते, सकाळी आंतोनला सांगायचं. पण सांगायचं काय? काढून टाक म्हणायचं? एकदा पुरलेला वास्तुपुरुष उकरून काढायचा? त्याचा विचारही मला झेपत नव्हता. शिवाय बाबांसमोर! ज्यांच्याबरोबर बसून मी भटजींवरचे विनोद ऐकले, त्यांच्यासमोर.

पहाटे सानूनं जागवलं. तिला पाजून, झोपवून, मी खाली आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. बाबा उपड्या बादलीवर बसून चहा पीत होते. आंतोन गुडघ्यांवर बसून नळ्या अडकवत होता. बोर्डांवर आता पातळ पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलेलं, आणि त्यावर पांढऱ्या नळ्यांची वेटोळी, जिलबीसारखी. कोपऱ्यापर्यंत पोचलेली.

“आज लवकर?” मी विचारलं.

“आजोबानी बोलावल्यानी. साडेसहाक,” आंतोन मान वर न करता म्हणाला.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. प्लॅस्टिकखाली माझी टेप दिसत होती. चकचकीत, सपाट. वरच्या प्लॅस्टिकनं दाबून बसली असेल, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी, गळती नाही ना हे बघायला नळ्यांत दाब धरून ठेवून झाल्यावर, काँक्रीटचा पंप आला. जाड नळी मागच्या दारातून आत घेतली. बाबा काठी घेऊन उंबऱ्यावर उभे, लग्नमंडपातल्या मुलीच्या बापासारखे. मी सानूला कडेवर घेऊन त्यांच्या मागे. पंपाचा आवाज सुरू झाला.

“बाबा,” मी म्हटलं. “जरा थांबायला सांगा. त्या कोपऱ्यात...”

“कोपरा बघितलाय मी.”

“नाही, तिथं...”

“ऋजुता.” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “सगळे कोपरे बघितलेत. तू पोरीला धुळीतून लांब ने.” आणि हात उंच केला. “ओत रे, आंतोन!”

राखाडी काँक्रीट पसरत गेलं. कोपरा शेवटी भरला. मी बघत राहिले.

महिनाभर ते वाळलं. वर आंतोननं लाद्या बसवल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गरम पाणी सोडलं आणि सानू त्या जमिनीवर रांगली. खालचा थर्मामीटर वीस, वरचा एकोणीस. त्या हिवाळ्यात तिला दवाखाना लागला नाही. सर्दी झाली, खोकला झाला, पण शिटी नाही. डिसेंबरात बाबा मिरजेला परत गेले, जाताना जमिनीला हात लावून म्हणाले, “शेवटच्या शेताला पाणी पोचलं.”

मी मात्र सानूचं अंथरूण त्या कोपऱ्यात कधी टाकलं नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खाली यायचं, चप्पल काढायची आणि आग्नेय कोपऱ्यात अनवाणी उभं राहायचं. गारठा कधी वर येतोय, लादीचा सांधा कधी काळा पडतोय, याची वाट बघत. पहिला हिवाळा. दुसरा. पाचवा. श्रीरंग म्हणायचा, “तू तिथं उभी राहून सूर्यनमस्कार घालतेस का?” मी हो म्हणायचे. आणि घरात कुणी जरा वेडंवाकडं बोललं की माझ्या तोंडून निघायचं, “शुभ बोल!” सानू ते ऐकतच मोठी झाली.

कोपरा गार झाला नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. मला हे कोडं सुटत नव्हतं. जे पुस्तकात होतं, त्याप्रमाणे तो गार व्हायलाच हवा होता. कधी कधी तर वाटायचं, डबीतल्या त्या बोटाएवढ्या देवानंच सांभाळून घेतलं. आणि असं वाटलं की मला माझ्याच पदवीची लाज वाटायची.

या जानेवारीत पंप कुरकुरायला लागला म्हणून आंतोनला बोलावलं. त्याचे केस आता पांढरे झालेत. पंप बदलून झाल्यावर त्यानं खिशातून मोबाईलएवढा कॅमेरा काढला. त्यात गरम जागा केशरी दिसते, गार जागा निळी.

“बघा वयनी, तुमची जमीन.” पडद्यावर केशरी पट्टे, वेटोळी न् वेटोळी. तो कॅमेरा हळूहळू फिरवत बागेच्या दाराशी आला. 

कोपरा केशरी होता. इतर जमिनीसारखाच.

“आंतोन,” मी म्हटलं, “तिथं गार दिसायला पाहिजे.”

त्यानं कॅमेरा खाली केला. माझ्याकडे पाहिलं आणि हसला. “अकरा वर्सां लागली तुमका इचारूक.”

मी खुर्चीवर बसले.

“त्या सकाळी आजोबानी माका फोन केल्यानी. म्हणाले, लवकर ये, कुणीतरी सांध्यात हात घातलाय. माझी टेप सुरकुतत नाय, वयनी. तुमची सुरकुतली होती. माका वाटला उंदीर. उघडला तर खाली प्लॅस्टिक फाटलेला. वाळू उकरली तर डबी. मी म्हटलंय, वयनींका हाक मारूया. तर आजोबा म्हणाले, ‘अजिबात नाही. तिचं काम तिनं केलंय, आपलं आपण करू.’”

“काढली नाही डबी?”

“काढली नाय. उलट आणखी वीतभर खाली घातली. स्वतः उकरल्यानी, तुमच्या वाढूच्या डावान. पालथाच ठेवल्यानी परत. मगे वाळू, त्याच्यार नवीन प्लॅस्टिक, हातभर चारी बाजूंक, डबल टेप. नवीन बोर्ड कापलो, फटी फोमान भरल्यो. आजोबानी नख फिरवून बघितल्यानी. पास.”

 आंतोन हत्यारं पिशवीत भरत राहिला. मग म्हणाला, “आणि वाळू लोटायच्या आधी ते त्याच्याशी बोलले.”

“कुणाशी?”

“त्या देवाशी. मी बाजूकच होतंय. गुडघ्यार बसून, अगदी साहेब हाताखालच्या माणसाक सांगता तसा. म्हणाले, ‘ती त्या दिवशी घाबरून बोलली. तिचं मनावर घेऊ नकोस.’ इतक्याच. मगे माका म्हणाले, बघतोस काय, लोट वाळू. मीय छातीवर खुरसाची खूण केलंय. म्हटलां, दोन्ही बाजूनी बंदोबस्त असलेलो बरो.”

आंतोन गेला. मी बसून राहिले.

त्या दिवशी. जुनी जमीन फोडली तो दिवस. यंत्राचा आवाज थांबला होता, कामकरी जेवायला गेले होते. वरून सानूच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबेचना. मी एकटी त्या दारात उभी होते, समोर फुटलेलं काँक्रीट, खालून उघडी पडलेली काळी, ओली माती. आणि मी मोठ्यांदा म्हणाले होते, “या घरात माझी पोर जगायची नाही.”

घराला ऐकू जाईल असं म्हणाले होते. पुढच्याच क्षणी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. मला वाटलं होतं, तिथं कुणीच नाही. बाबा मागे सफरचंदाखाली पाणपातळीची नळी धूत बसले असणार.

मिरजेला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकत आली होती. बाबांना आता कमी ऐकू येतं. मला ओरडून बोलावं लागतं.

“बाबा, आंतोन आला होता! कोपऱ्याचं सांगितलं त्यानं!”

“कुठला कोपरा?”

“तुम्हाला माहीत आहे कुठला!”

“अस्तर फाटलं होतं, जोडलं. त्यात काय सांगायचं?”

“तुम्हाला डबीचं कधी कळलं?”

“जूनमध्ये. विमानतळावर बॅग उचलली तेव्हाच. मेतकूट एवढं जड नसतं, पोरी.”

मी हसता हसता रडायला लागले. “मला बोलला का नाहीत? अकरा वर्षं मी रोज तिथं पाय ठेवून बघतेय!”

“तू विचारलंस का?” ते म्हणाले. आणि मग, आवाज जरासा उतरवून, “तू ओतायच्या आधी सांगायला निघालीस ना, तेव्हा माझा हिशेब मिटला होता. आपण होऊन सांगणाऱ्या माणसाला पुढं काय बोलायचं? सानूचे पाय गरम आहेत ना?”

“आहेत.”

“झालं तर. आणि त्या दिवशीचं पिठलं चांगलं झालं होतं. घाबरून केलेलं असलं तरी.”

फोन ठेवला तेव्हा सानू शाळेतून आली होती. दप्तर फेकलं, मोजे काढले आणि बागेच्या दाराशी, आग्नेय कोपऱ्यात, पालथी पडून वही उघडली. तिला तीच जागा आवडते. मीच तिला इतकी वर्षं तिथून उठवत आले. आज उठवलं नाही.

“आई, उद्या फ्रेंचची टेस्ट आहे,” ती म्हणाली. “मला एक शब्द येत नाही. उद्या मी मेलेच!”

माझ्या तोंडाशी ते दोन शब्द आले. सानूही मान वर करून त्यांची वाट बघत होती, डोळे फिरवायच्या तयारीत.

तिची पेन्सिल घरंगळली होती. ती उचलायला मी वाकले आणि तळहात लादीवर टेकला. लादी गरम होती.

“तिचं मनावर घेऊ नकोस,” मी हळूच म्हटलं.

“काय?”

“काही नाही. तुला नाही म्हटलं,” मी म्हणाले आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.